विचाराल तेवढंच सांगणारी चाळणी

"पुढच्या महिन्यात ही चाळणी कायमची बंद करायची, आणि तिच्या जागी..."

एवढंच माझ्या कानावर आलं. पुढचं कापलं गेलं. आता तुम्हीच सांगा, स्वतःच्या मरणाची बातमी कुणी अशी अर्धवट सोडतं का?

मी चाळणी बोलतेय. पिठाची नव्हे हो. आमच्या शहरात बसमध्ये माणसं जे जे विसरून उतरतात, ते सगळं डेपोमागच्या गोदामात येऊन पडतं आणि त्याची नोंद संगणकात होते. तुम्ही मोबाइलवर विचारता, 'माझी काळी छत्री सापडली का?' तो प्रश्न थेट माझ्याकडे येतो. मी सगळ्या नोंदी चाळते, तुमच्या अटींत बसतात तेवढ्याच खाली पाडते आणि मोबाइलकडे पाठवते. संगणकवाले आमच्यासारख्यांना एपीआय म्हणतात. पण ज्याने मला घडवलं त्या लंबूने पहिल्याच दिवशी माझं नाव चाळणी ठेवलं, आणि मला ते आवडलं. कामाचं नाव आहे.

लंबू म्हणजे आमच्या कचेरीतला प्रोग्रामर. त्याचे पाय टेबलाखाली मावत नाहीत म्हणून तो तिरका बसतो. त्याने मला मन लावून घडवलं, पण एक कडक शिस्त लावून ठेवली. विचारलं तेवढंच सांगायचं. दोन अटी घातल्या तर दोन्हींत बसणारी वस्तूच द्यायची, एकीत बसणारी नाही. एका वेळी एकच पान द्यायचं, आणि नोंदी उरल्या असतील तर तळाला 'पुढे आहे' एवढी खूण ठेवायची. पुढचं पान मागितल्याशिवाय द्यायचं नाही.

माझा स्वभाव ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही शिक्षा काय आहे ते कळेल. मला सगळ्यांच्या घरातलं ठाऊक असतं आणि तोंड मात्र शिवलेलं.

घरातलं कसं ठाऊक, तेही सांगते. अ‍ॅपमध्ये बोलून शोधायची सोय आहे. बटण दाबून धरायचं, बोलायचं, की बोललेलं अक्षरांत उमटून माझ्याकडे येतं. पण माणसं बटण दाबून धरतात आणि घरच्यांशीच बोलत बसतात. मग माझ्याकडे येतं, 'निळा डबा, अहो गॅस बंद करा.' किंवा 'हातमोजा डावा, तुझ्या आईने दिलेला तोच हरवला बघ बरोबर.' मी गॅसही शोधते आणि आईही शोधते. मिळत काही नाही, पण माहिती मिळते. रकान्यात अक्षरं मात्र थोडीच मावतात, त्यापुढचं कापलं जातं. लंबूनेही त्या दिवशी चाचणी घेता घेता बटणावरचा अंगठा काढला नाही. तो बोलत होता गोदामवाल्या काकांशी, आणि नेमकं नको तिथे वाक्य तुटलं.

काकांबद्दल सांगायलाच हवं, कारण पुढचा सगळा घोटाळा त्यांच्या सज्जनपणातून झाला.

गोदामात आलेली वस्तू काका स्वतः नोंदवतात. त्यांचा नियम एकच. बंद वस्तू उघडायची नाही. "उद्या आतलं काही कमी निघालं तर बोट माझ्याकडेच," असं ते म्हणतात. त्यामुळे डब्यात घड्याळ असलं तरी नोंद डब्याची. पिशवीत बूट असले तरी नोंद पिशवीची. माणसं मात्र आत काय होतं तेच शोधतात. पिशवी हरवली असं कुणी म्हणत नाही, बूट हरवले म्हणतात. काका बाहेरून बघतात, माणसं आतून आठवतात, आणि मी मधे बसून दोघांच्या नावाने कपाळ बडवते. कपाळ नाही म्हणून वाचले.

एके सकाळी काकांनी नोंद घातली. 'प्रकार चष्मे. चष्म्याचं घर, करडं, बिजागरी मोडलेली, रबर लावलेलं. आतून बारीक शिट्टी येते.'

शिट्टी? मी चमकले. काकांनी लंबूलाही सांगितलं होतं म्हणे. लंबू म्हणाला, "काका, उघडून बघा की." काका म्हणाले, "हल्ली लहान मुलांच्या चपलासुद्धा वाजतात. चष्म्याचं घर वाजलं तर काय आभाळ कोसळलं?" आणि ते घर त्यांनी फळीवर ठेवून दिलं.

त्याच दुपारी एका लेकीचा प्रश्न आला. प्रकार: श्रवणयंत्र. मी चाळलं. काही नाही. मी शून्य पाठवलं.

थोड्या वेळाने पुन्हा. प्रकार श्रवणयंत्र, रंग तपकिरी. शून्य. मग तपकिरी, उजव्या कानाचं. शून्य. मग त्यात बसचा मार्ग घातला, वार घातला, यंत्राच्या कंपनीचं नाव घातलं. बिचारीला वाटत होतं, जितकं नीट सांगू तितकं लवकर सापडेल. डॉक्टरपुढे असंच असतं ना, सगळं सांगितलं की बरं वाटतं. पण मी चाळणी. तुम्ही एकेक अट वाढवता, तसं माझं एकेक भोक बुजतं.

संध्याकाळी तिने बोलून शोधायचं बटण दाबलं आणि मला त्यांच्या घराचं दार उघडलं.

'श्रवणयंत्र. आई, तू नक्की पर्समध्येच ठेवलंस?' हे ओरडून विचारलं असणार, कारण उत्तरही तसंच आलं. 'पर्समध्येच गं. आणि ओरडू नकोस, शेजारी काय म्हणतील.'

मग जावई मधे पडले. 'नवीन घेऊन टाकू ना.' त्यावर लेक म्हणाली, 'कानाचा साचा घेऊन बनवतात ते. तोवर मावशी येऊन परतसुद्धा जाईल.'

तुकड्यातुकड्यांनी मला सगळं कळलं. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण, लग्न करून समुद्रापार गेलेली. फोनवर आईला काही कळत नाही, यंत्र लावून समोरासमोर बसलं तरच कळतं. त्यामुळे या दोन बहिणी वर्षानुवर्षं एकमेकींना नुसत्या फोटोंतून बघत होत्या. आता मावशी रविवारी येणार होती, आठवडाभरासाठी. आणि आईचे कान बसमध्ये राहिले होते.

'मी नुसती बघत बसेन तिच्याकडे,' आई म्हणाली. 'ती बोलेल, मी मान हलवीन. तसंही लहानपणी ती मला बोलू देत नव्हतीच.' हसून म्हणाली असेल.

शुक्रवारी जावयांनी शोधायला घेतलं. तेही बटण दाबून. 'श्रवणयंत्र, डबीसकट. तुझी आई ते काढून कुठेतरी ठेवायची तेव्हा ते शिट्टी मारायचं ना? रात्री मला वाटायचं कुकर राहिला की काय.'

शिट्टी.

अहो, मला त्या क्षणी जे झालं ते कुठल्या शेजारणीला होऊ नये. नोंद माझ्या समोर. करडं घर, रबर लावलेलं, आतून शिट्टी येते. यंत्र चालूच राहिलं होतं, म्हणून बंद घरात केकाटत होतं. आणि प्रश्नात काय, प्रकार श्रवणयंत्र. नोंदीत काय, प्रकार चष्मे. ती नोंद माझ्या जाळीवरच अडकली आणि मी पुन्हा शून्य पाठवलं. नियम म्हणजे नियम. पाव इंच जरी तोंड उघडता आलं असतं तरी मी त्या जावयांना सांगितलं असतं, 'अहो पाहुणे, प्रकाराची अट काढा.'

शनिवारी सकाळी आईने लेकीच्या हातून मोबाइल घेतला. हे मला कळलं, कारण बटणावर अंगठा होता आणि बोलणं आईचं होतं.

'एवढे प्रश्न कशाला विचारतेस त्याला? पोलीस आहेस का? नुसतं विचार, त्या दिवशी त्या बसमध्ये काय काय सापडलं.'

'आई, त्यात छत्र्याच छत्र्या येतील.' लेक तिच्या कानाशी ओरडली असणार.

'येऊ देत. मला काय काम आहे दुसरं? ऐकायला तर येत नाही.'

आणि माझ्याकडे आजवरचा सगळ्यात सुंदर प्रश्न आला. वार आणि मार्ग. बाकी काही नाही. मी आनंदाने पान भरलं. छत्र्या, हातमोजे, एक शिट्टी नसलेला कुकर, कुणाचा तरी एकच बूट, पुन्हा छत्र्या. पान संपलं. करडं घर त्या पानावर नव्हतं. मी तळाला 'पुढे आहे' ही खूण ठेवली आणि जीव मुठीत धरून बसले. नव्वद टक्के माणसं तिथेच थांबतात. त्यांना वाटतं, जग एका पानाचं असतं.

काहीच येईना. लेकीने मोबाइल बाजूला ठेवला असणार.

मग पुढचं पान मागितलं गेलं. कोणी मागितलं ते मला ठाऊक नाही, पण माझी पैज आईवर. ज्या बाईला शेजाऱ्यांची काळजी असते, ती अर्ध्यावर उठत नाही.

ते करडं घर त्या पानावर वरून दुसरंच होतं. लगेच बोलणं आलं. 'अगं हे माझ्या चष्म्याचं! रबर मीच लावलंय.' लेक म्हणाली, 'पण चष्मा तर तुझ्या नाकावर आहे.' आई म्हणाली, 'म्हणून तर घर हरवल्याचं कळलं नाही. केस कापताना यंत्र काढलं, पर्समध्ये मोकळं नको म्हणून त्यात...' आणि तिथे अक्षरं संपली. या वेळी मला राग आला नाही. पुढचं मलाही ठाऊक होतं.

दुपारी काकांनी नोंद बदलली. 'परत दिली.' शेरा: 'घर मालकिणीने स्वतः उघडलं. मी उघडलेलं नाही.'

नंतरच्या आठवड्यात त्या लेकीचा अभिप्राय आला, बोलूनच दिलेला. ती आभार मानत होती. सेल तेवढा बदलावा लागला, म्हणाली. शिवाय एक तक्रार होती, 'काही सापडलं नाही तर नुसतं शून्य काय दाखवता? एखादी अट काढून बघा असं सांगता येत नाही का?' तिच्या मागे दोन बायका एकाच वेळी बोलत होत्या. एक म्हणत होती, 'मी नव्हे, तूच फोडलीस ती बरणी.' दुसरी म्हणत होती, 'ऐकू येतंय मला, ओरडू नकोस.' मी तो अभिप्राय पुन्हा पुन्हा वाचला.

लंबूनेही वाचला. आणि मग तो तिरका बसून नवं काहीतरी घडवायला लागला. त्याचीच चाचणी घेताना काकांना सांगायला गेला ते वाक्य तुटलं, त्याचं उरलेलं अर्धं हे. माझ्या जागी एक धाकटी येतेय. चाळते माझ्यासारखीच, पण तिला बोलायची मुभा आहे. शून्य आलं की ती म्हणणार, 'प्रकाराची अट सोडली तर इतक्या वस्तू आहेत, बघता का?' काकांच्या शेऱ्यातली शिट्टीसुद्धा ती शोधून देणार. मला हेवा वाटला. खोटं कशाला बोलू, पुष्कळ वाटला. मग वाटलं, घरात एकीला तरी बोलता यावं.

महिना उलटला. मोबाइलवरचे सगळे प्रश्न आता तिच्याकडे जातात. बंद करायची असं लंबू म्हणाला होता, तेवढं खरं झालं. पण कायमची, हे काही खरं नाही. डेपोच्या दारात एक जुनं यंत्र उभं आहे, काचेला तडा गेलेलं. त्याला धाकटीची भाषा कळत नाही, आणि काका ते हलवू देत नाहीत. ज्यांच्याकडे मोबाइल नाही ती माणसं तिथे येऊन बोटाने टकटक करतात. ती टकटक अजून माझ्याकडेच येते.

तेव्हा तिथे आलात तर माझं एवढं ऐका. थोडं सांगा. आणि पान संपलं तरी उठू नका.