वारणेतली न डुलणारी होडी

मित्रांनो, आज माझ्या काठावर कोंबड्या बसतात म्हणून हसू नका. मी एक जुनी होडी आहे, पत्र्याची, सपाट बुडाची, वारणाकाठची. माझ्याकडून एकदा असं काही घडलं, की त्याचा धक्का अजून माझ्या अंगातून गेलेला नाही. मी! जिला सगळा गाव गुणाची म्हणायचा, ती मी!

माझा जन्म १९९४ सालचा, पेठ वडगावातल्या नागसेनच्या शेडमधला. नागसेन गुऱ्हाळाच्या काहिली करायचा. काहील म्हणजे उसाचा रस आटवायची भलीमोठी कढई. त्याच्याकडं ज्ञानू भोई आला. त्याची लाकडी होडी कुजली होती, आणि बंधाऱ्याच्या वर इतका गाळ साठला होता की गोल बुडाची होडी रुतून बसायची.

"होडी म्या कधी केली न्हाय," नागसेन म्हणाला. "पण पुरात माणसं काहिलीत बसून जात्यात की! बघू करून."

आणि केली की पठ्ठ्यानं! बूड पाटासारखं सपाट, तोंड जरा उचललेलं, दोन्ही टोकांना हवेच्या बंद पेट्या. वाळूवरनं ओढताना बूड झिजू नये म्हणून खालून दोन लांब पट्ट्या जोडल्या. वीतभर पाण्यातसुद्धा मी चालायचे. ज्ञानू माझ्या काठावर उभा राहून जाळं फेकायचा, तरी मी ढिम्म.

"अवं, ही हलतच न्हाय!" त्याची बायको बनाबाई खूश होऊन म्हणाली. "हिच्यात चुलीवर च्या ठेवला तरी सांडायचा न्हाय."

नागसेन मात्र हसला नाही. "वैनी, लाकडाची होडी आधी डुलती, माणसाला सावध करती. ही थोडी कलली तर दाद देणार न्हाय, आणि जास्त कलली तर एकदम पालथी हुईल. सगळ्यांनी मधी बसायचं."

मला त्याचा रागच आला. माझ्याच बारशाला माझी निंदा! पण सहा-सात वर्षं मी एकदाही दगा दिला नाही. नागसेनचं बोलणं सगळे विसरले, आणि सगळ्यांच्या आधी मी विसरले.

मग २००१ चा श्रावण आला. आमच्याकडं नदीला नवं पाणी आलं की बायका तिची ओटी भरतात. खण, नारळ, तांदूळ घाटावरनं पाण्यात सोडतात. त्या साली घाटाच्या पायऱ्या पाण्याखाली होत्या. ज्ञानूची आई अंबूबाई म्हणाली, "होडी हाय न्हवं आपली? जाऊया की आतपतूर." माहेर आजऱ्याकडच्या डोंगरातलं, त्यामुळं म्हातारीला पोहता येत नव्हतं. पण माझ्यावर तिचा केवढा विश्वास! अंबूबाई, बनाबाई धरून सात बायका बसल्या, ज्ञानूनं वल्हं मारलं. मी फुगले होते नुसती.

ओटी सोडायची ती उगवतीकडं तोंड करून. आणि तिथंच चुकलं. अंबूबाईनं नारळ सोडला, तशा सातही जणी उठल्या आणि माझ्या उगवतीकडच्या काठाला येऊन वाकल्या.

"मधी! मधी बसा!" ज्ञानू ओरडला.

मी तोवर गप्पच होते हो! कुरकुर नाही, हेलकावा नाही. एक काठ पाण्याला टेकला आणि दुसऱ्या क्षणी मी पालथी! माझं बूड आभाळाकडं! काय झालं ते मलाच कळेना. एवढ्या वर्षांत आभाळानं माझं बूड कधी पाहिलं नव्हतं.

बायका धडपडत माझ्या बुडावर चढल्या. ज्ञानूनं डोकी मोजली. सहा. पुन्हा मोजली. सहाच.

"बना कुठं हाय? आये, बना कुठं हाय?"

बायकांनी एकच आकांत मांडला. आणि मला आतून लागलं. टक. टक. टक. बनाबाई माझ्या पोटात अडकली होती, पत्रा आणि पाण्यामधल्या हातभर हवेत. ओटीच्या ताटानं ती मला ठोकत होती. मी तिला गिळलं होतं! ज्या बाईनं माझं कौतुक केलं, तिलाच!

"गप बसा समद्या!" ज्ञानू गरजला. त्यालाही ठोका ऐकू आला. पण वर बायका हलत होत्या, तशी आतली हवा काठाखालनं बुडबुडत निसटत होती. "उतरा! पट्ट्या धरा आणि पाण्यात उतरा, न्हायतर बना गुदमरंल!"

कोण उतरणार? खाली फुगलेली नदी. कुणी हलेना. तेव्हा अंबूबाईनं, पोहता न येणाऱ्या त्या म्हातारीनं, पट्टी घट्ट धरली आणि पहिल्यांदा स्वतःला पाण्यात सोडलं.

"उतरा गं," ती दात वाजत असताना म्हणाली. "माझी सून हाय आत."

एकेक करून सगळ्या उतरल्या. मी बोटभर वर उचलली गेले. बुडबुडे थांबले. ज्ञानूनं बुडी मारली आणि बनाबाईला ओढून बाहेर काढलं. ती निळी पडली होती, खोकत होती, पण ताट तिच्या हातातच होतं. तोवर नदीकाठच्या गुऱ्हाळाचे मालक जयपाल काहील वल्हवत आले. नागसेननंच केलेली, म्हणजे माझी थोरली बहीणच ती. ती अशी गरगरत, डुलत होती की बायका निमूट मधोमध बसून राहिल्या. आठही जण काठाला लागले.

गावानं मला मोडीत घालायचं ठरवलं. बनाबाई आडवी आली. "तिचा काय दोष? तिला बोलता येत न्हाय, एवढंच."

ते ऐकून नागसेन आला. "मी सांगितलं होतं" असं एका शब्दानंही म्हणाला नाही. त्यानं माझ्यात एक आडवी नळी जोडली, आत लोखंडी गोळी सोडली. मी जास्त कलले की गोळी घरंगळते आणि टोकाला आपटते. टण्ण! झालं, मला वाचा फुटली.

पुढं सहा वर्षं मी तशी चालले. आता पत्रा गंजलाय, मी बनाबाईच्या दारात एका धोंड्यावर पडून आहे. मित्रांनो, गुणी म्हणून कुणावर भार टाकाल, तर त्याला काही सांगायचंय का तेही बघत जा. पोरं माझ्यात खेळतात, एका काठाला गोळा होतात, मी धोंड्यावर कलते, आणि गोळी वाजते.

टण्ण!

तशी भाकरी तव्यावर टाकून बनाबाई पिठाच्या हातांनी धावत दारात येते. मी कोरड्या जमिनीवर आहे, हे दिसत असूनही ती ओरडते, "मधी! मधी बसा रं!"