हर्षदाच्या मागची रिकामी ओळ

त्या दुपारी हर्षदा मोहितेच्या मागं एक रिकामी ओळ लागली, आणि ती काही केल्या सुटेना.

आता रिकामी ओळ दिसते कशी, असं विचाराल तर दिसतच नाही. फळ्यावर दोन ओळींच्या मधे जेवढी जागा सोडतात ना, तेवढी मोकळी जागा पोरीच्या पाठीला चिकटली होती. तिच्या मागनं जे येईल ते हातभर खाली जायचं. तिनं दार लोटलं की दार खाली. मागनं मांजर आलं की मांजर खाली, आणि तिथनंच म्याव करायचं.

झालं असं. विट्यात एसटी स्टँडच्या मागं पिठाची गिरणी आहे, तिच्या माडीवर शेटे सरांचा कॉम्प्युटर क्लास. सर तिथं पर्ल शिकवायचे. पर्ल ही कॉम्प्युटरशी बोलायची एक भाषा. जुनी आहे, पण नावांच्या लांबलचक याद्या चाळाव्यात तर तिनंच, असं सर म्हणायचे. त्या दिवशीचा धडा अगदी साधा होता. मशीन नाव विचारणार, आपण नाव लिहून एंटर दाबायचं, मशीन ते क्लासच्या यादीत शोधणार आणि म्हणणार, ये, बस.

हर्षदानं नाव लिहिलं. एंटर दाबलं.

मशीन म्हणालं, ‘या नावाचं इथं कुणी नाही.’

तिनं डोळे बारीक करून बघितलं. यादीत हर्षदा मोहिते, खाली तिनं लिहिलेलं हर्षदा मोहिते. कान्याचा फरक नाही. तिनं हात वर केला.

“सर, हे मला ओळखत नाही.”

शेटे सर पुढ्यात येऊन उभे राहिले. चष्मा वर घेतला, खाली घेतला. “आपण कोण?”

“सर, मी हर्षदा.”

“हर्षदा आमच्याच क्लासला आहे. आली की सांगतो तुम्ही येऊन गेलात म्हणून.”

शेजारी रुबीना मुलाणी बसली होती. सकाळीच दोघींनी एका डब्यात खाल्लं होतं. तिनं हर्षदाला नीट न्याहाळलं आणि हळूच म्हणाली, “दिसतेस अगदी तिच्यासारखी. पण नाहीस गं तू ती.”

दुसऱ्या कुठल्या दिवशी असतं तर चाललं असतं. पण आज आण्णा येणार होते. हर्षदाचे आण्णा कोइमतूरला गलाईचं काम करतात. सोनारांकडचं मोडीचं सोनं आटवायचं, शुद्ध करायचं. वर्षाकाठी एकदा गावी येतात. आणि त्यांची एक तऱ्हा आहे. एसटीतनं उतरले की ते समोरनं येतच नाहीत. गर्दीतनं वळसा घालून मागनं येतात, एका हातानं लेकीचे डोळे झाकतात, दुसऱ्या हातानं तिचा अंगठा धरून खिशातल्या कसोटीच्या दगडावर ओढतात आणि सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं ओरडतात, “हर्षदाच! खोट नाही!” पोरगी कॉलेजात गेली तरी खेळ मोडला नव्हता. एकदा गर्दीत चुलतबहिणीचा अंगठा घासला गेला, तर “ही नव्हे” म्हणून तिला तिथंच सोडून आण्णा पुढं चालू लागले. ती बिचारी मागनं चालत घरी आली.

हर्षदानं आपल्या अंगठ्याकडं बघितलं. दगडानं ‘ही नव्हे’ म्हटलं तर?

ती आधी घरी पळाली. आई उंबऱ्यात तांदूळ निवडत होती.

“या की,” आई उठली. “बसा. हर्षदा क्लासला गेलीय. मैत्रीण का तिची?”

“आई, मी आहे.”

“नाक तर डिट्टो तिचं आहे ओ तुमचं,” आई कौतुकानं म्हणाली, आणि पाहुण्यांसाठी ठेवलेली कपबशी काढली. हर्षदाला जन्मात त्या कपातनं चहा मिळाला नव्हता. साखरही जास्त होती. तिनं कप तसाच खाली ठेवला.

“आई, मीच हर्षदा.”

“असं म्हणू नये बाई. ती फार रागीट आहे.” आईनं दाराबाहेर बघितलं. “ह्यांची गाडी यायची वेळ झाली. कुठं उलथलीय कार्टी कुणास ठाऊक.”

ते ‘कार्टी’ ऐकून हर्षदाला रडू फुटलं. इतक्या मायेनं ते दुसरीलाच म्हटलं होतं.

ती परत क्लासला गेली. सर म्हणाले, “यादीत नाही त्याला मशीनला हात लावता येत नाही.” मग रुबीनाच पुढं झाली. ओळखीची नसली तरी रडणारी मुलगी तिला बघवेना. तिनं हर्षदाचं काम उघडलं आणि हसली.

“अगं, तू एंटर दाबलंस ना, ते तुझ्या नावामागं तसंच राहिलंय. नाव अधिक एक रिकामी ओळ. मग यादीतल्या नावाशी जुळेल कसं? सगळेच विसरतात पहिल्यांदा. ते शेवटचं खाऊन टाकायला सांगायचं असतं.”

“मग सांग की!”

सर खिडकीशी उभे राहून, आज जेवायला काय आहे असं सांगावं तसं बोलले. “खाणारे दोन आहेत. चॉम्प आणि चॉप. चॉम्प फक्त रिकामी ओळ खातो, ती नसली तर तोंड मिटून बसतो. चॉप शेवटी जे असेल ते खातो. दिसायला सख्खे भाऊ.”

तोवर रुबीनानं लिहून चालूही केलं होतं.

हर्षदाच्या पाठीमागं कच्च करून आवाज झाला, काकडी मोडल्यासारखा. दार आपल्या जागी वर आलं. पाठ हलकी झाली.

“अगं हर्षदा!” सर म्हणाले. “इतका उशीर?”

कच्च. तिच्या वेणीचा बो गेला.

“हर्षदे, कुठं होतीस गं?” रुबीनानं तिला मिठीच मारायला हात पसरले.

कच्च. ओढणीचं मागचं टोक गेलं.

रुबीनाचे हात तसेच राहिले. तिनं पडद्याकडं बघितलं. तिनं चॉप लिहिला होता.

“एकदाच खायला सांगितलंस ना?” हर्षदानं विचारलं.

“नाव घेतलं की खा, असं सांगितलंय. थांबायचं कधी ते लिहायचं राहिलं.”

“मग बंद कर आता!”

रुबीनानं बंद करायची बटणं दाबली. मशीननं विचारलं, ‘कुणाचं काम बंद करायचं? नाव सांगा.’

नाव सांगितलं की पुन्हा कच्च होणार, म्हणून रुबीनानं बटणांवरनं हात काढून घेतले. खालनं गिरणीचा आवाज येत होता, आणि त्याच्या वरनं स्टँडच्या कर्ण्याचा. सांगली-विटा गाडी फलाटाला लागत होती.

हर्षदा जिना उतरली. पोरगी हुशार, हे मान्य करायला पाहिजे. खातोय शेवटचं, तर शेवटी दुसरंच काहीतरी लावावं, असा तिनं विचार केला. कोपऱ्यावरच्या फुलवाल्या मावशीकडनं झेंडूची लांबलचक माळ घेतली, एक टोक कमरेला बांधलं आणि बाकीची मागं फरफटत निघाली. आता जे शेवटी होतं ते फूल होतं.

आणि काय सांगावं, एरवी जिला कुणी हाक मारत नाही, तिला त्या दिवशी अख्खा गाव हाक मारायला लागला. मघापासनं न ओळखल्याची भरपाईच जणू. “काय हर्षदा, वरातीला का?” कच्च. “हर्षदाताई, आण्णा येणार ना आज?” कच्च. मेडिकलवाला दुकानातनं, शाळेच्या बाई रिक्षातनं, कुठल्या तरी माडीवरनं कोण. माळ उंदरानं कुरतडल्यासारखी आखडत चालली. हर्षदा तोंडावर बोट ठेवून सगळ्यांना गप्प राहा म्हणून खुणावत होती, तर लोक आणखी हसून विचारायचे, “का गं हर्षदा, काय झालं?”

स्टँडच्या कोपऱ्यावर शकूबाईची शेळी आली आणि माळेचं टोक धरून खायला लागली. शकूबाईला हसू आवरेना.

“सोड गं, सोड! हर्षदाची माळ आहे ती!”

कच्च.

टोक राहिलं, शेळी गेली. फुलावर तिच्या दातांची खूण तेवढी होती.

शकूबाईनं हातातल्या पाल्याकडं बघितलं, मग हर्षदाकडं. “माझी शेळी?”

“माळेला लागली होती,” हर्षदा म्हणाली. तिचा आवाज कुणा दुसरीचा असल्यासारखा आला. तिला लागलेलं ते तिचंच, असं चॉप धरत होता. तिनं पळायला सुरुवात केली.

फलाटावर गाडी थांबली होती. माणसं उतरत होती, ट्रंका, पिशव्या, एक शिवणयंत्र. माळेला आता दोन-चार फुलं उरली होती. तिनं गाडीचं दार नजरेत धरलं. आण्णा समोरनं दिसले की धावत जायचं, आपणच त्यांचं तोंड हातानं झाकायचं, आणि कानात सगळं सांगायचं. या एका वर्षी खेळ नको.

“हर्षदा!” लांबनं आईनं हाक मारली. पदर खोचून येत होती, तोंडभर हसत. “सापडलीस का कार्टे! हर्षदा, अगं इकडं बघ! हर्षदा! हर्षदे!”

माळ संपली. कमरेला नुसती दोऱ्याची गाठ राहिली.

हर्षदानं आईकडं बघून दोन्ही हात हलवले, नको, नको. आईनंही आनंदानं दोन्ही हात हलवले. तेवढ्यात गाडीचं दार रिकामं झालं होतं. आण्णा कुठंच दिसत नव्हते.

मग मागनं सोनं शुद्ध करायच्या तेजाबाचा वास आला. तळहात तिच्या डोळ्यांवर आला, खडबडीत, ओळखीचा. तिच्या पाठीला त्यांच्या शर्टाची बटणं टेकली. दुसऱ्या हातानं त्यांनी तिचा अंगठा धरला. मागं दुसरं कुणी नव्हतं, काही नव्हतं. ओळीच्या शेवटी आण्णा होते.

“आण्णा, नाव घेऊ नका.”

“बरं बाई, नाही घेत,” आण्णा हसत म्हणाले. दर वर्षी असंच म्हणायचे.

अंगठा थंडगार दगडावरनं सावकाश ओढला गेला. आण्णांनी रेघ उन्हात धरली असावी, कारण ते क्षणभर थांबले. मग स्टँडभर ऐकू जाईल एवढा श्वास त्यांनी छातीत भरून घेतला, आणि फुगलेली छाती तिच्या पाठीला लागली.