जिवंत बाईचं कुलूप

दोन महिने इस्पितळात काढून घरी आलेलं माणूस आधी काय बघेल? कुंड्या जगल्यात का, पत्रं आलीत का. किल्लीवालीनं आधी कुलूप बघितलं, आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

कुलूप तिचं नव्हतं.

"वन्सं, घाईत दुसरीच किल्ली आणली असेल तुम्ही," वहिनी म्हणाली. वहिनी म्हणजे थोरल्या भावाची बायको. दोन पिशव्या आणि वॉकर सांभाळता सांभाळता बिचारी घामाघूम झाली होती.

"चाळीस वर्षं गावाच्या किल्ल्या केल्या मी, वहिनी. माझ्या दाराची किल्ली मला कळणार नाही?"

आता हे घर तिचं होतं आणि नव्हतंही. दोन वर्षांपूर्वी तिनं ते एका संस्थेला दान केलं होतं. कुणी नसलेल्या मुलींना ही संस्था सांभाळते. कागद स्वच्छ होता: मालकी संस्थेची, पण ती हयात असेपर्यंत सगळं घर तिच्या वापरात. मागच्या खोलीत तिचं कामाचं टेबल होतं. तिच्या माघारी मुलींनी तिथं कुलपांचं काम शिकावं, एवढीच तिची हौस. भाऊ म्हणाला, "डोकं फिरलंय हिचं." फिरलं तर फिरलं! सह्या झाल्या त्या दिवशी तिनं खुशीत येऊन एक जादा किल्ली स्वतःच्या हातानं कापली आणि संस्थेच्या सचिवाला दिली. म्हणाली, अडीअडचणीला असू द्या.

तिथंच घोड्यानं पेंड खाल्ली. सचिव दर महिन्याला यायचा. "आजी, तब्येत काय म्हणते?" असं विचारायचा आणि विचारताना बघायचा छताकडे. मग ती पडली, खुब्याचं हाड मोडलं. इस्पितळात येऊन तो म्हणाला, "आता एकटीनं राहणं तुम्हाला झेपायचं नाही. आमच्या वृद्धाश्रमात या." ती म्हणाली, "बघू." बघू म्हणजे हो नव्हे, हे शेंबडं पोरही सांगेल.

"खुर्ची आणा शेजारून," ती वहिनीला म्हणाली.

शेजाऱ्यांची खुर्ची दारासमोर ठेवून ती बसली आणि पर्समधून हत्यारांची गुंडाळी काढली. इस्पितळातही ही गुंडाळी तिच्या उशाला होती.

"अहो, लोक बघतायत! चोरासारखं काय हे भर दुपारी?"

"बघू देत की. चोर कोण ते त्यांनाही कळू दे."

तार आत घालणार, तेवढ्यात तिचा हात थांबला. कुलपाच्या पट्टीला चार स्क्रू होते आणि चारही स्क्रूंच्या खाचा अगदी उभ्या, ओळंब्यात. असं कोण करतं? घाईत कोण बघतं खाच आडवी की तिरपी? सबंध गावात दोनच माणसं बघतात. एक ती. दुसरा घुम्या, तिचा शागीर्द. अकरा वर्षं तिच्या हाताखाली राबून त्यानं स्वतःचं दुकान काढलं होतं. तोंडातून शब्द निघायचा नाही, म्हणून घुम्या.

सचिवाचा राग केव्हाच मागं पडला. हा मेला याच घरात जेवला, याच घरात शिकला, आणि यानंच माझं दार माझ्यावर बंद केलं? तिनं फोन लावला.

"घुम्या, घरी ये. स्क्रूड्रायव्हर घेऊन."

पलीकडून फोन पडल्याचा आवाज तेवढा आला.

चार मिनिटांत कुलूप उघडलं. आत तिची खाट नव्हती. भिंतीला घडीच्या खाटा टेकवलेल्या. मधल्या भिंतीवर खडूनं मोठी फुली, म्हणजे ही पाडायची. आणि कामाचं टेबल मागच्या अंगणात, उघड्यावर. तिनं त्याच्या फुगलेल्या लाकडावर हात फिरवला. रडू आलं, ते तिनं गिळलं.

घुम्या धावत आला आणि उंबऱ्यातच थिजला. तोंड पांढरंफटक.

"मावशी... तुम्ही तर वारलात."

"कुणी सांगितलं?"

"सचिवांनी. महिना झाला म्हणाले, सगळं उरकलं."

"आणि तू विश्वास ठेवलास? अरे मुडद्या, माझं शेवटचं तोंड बघायला मिळालं नाही, तर भांडायचं नाही का?"

"त्यांच्याकडं तुमच्या हातची किल्ली होती." तो खाली बघत म्हणाला. "कापणी ओळखली मी. वाटलं, जाताना तुम्हीच दिली असेल. रडत रडत स्क्रू पिळले, मावशी. मजुरी नाही घेतली."

इतकं तो अकरा वर्षांत एका दमात बोलला नव्हता. त्यानं फळीवरून फडक्यात गुंडाळलेलं जुनं कुलूप काढलं. काढलेलं कुलूप घरातच ठेवायचं, ते घरच्यांचं असतं, हा तिचाच धडा.

"बसव," ती म्हणाली.

वहिनीनं तोवर सचिवाला फोनवर फैलावर घेतलं होतं. तो आला तोच हसत.

"अहो आजी! कळवायचं तरी आधी!"

"मेलेल्या बाईनं कळवायचं कसं? आणि आजी कुणाची रे मी?"

तो गडबडला. "तुम्ही परत याल असं वाटलं नाही. तिकडं तीस मुली दोन खोल्यांत झोपतात हो. कारागीर विचारायला लागला, मालकीणबाई कुठंयत, म्हणून तोंडाला आलं ते बोललो."

तीस मुली, दोन खोल्या. ते तिला लागलं. त्यामुळं ती आणखीच भडकली.

"मग मला विचारायचं होतं! समोरच्या खोल्या मी उद्या दिल्या असत्या. त्यासाठी मला मारायची काय गरज होती? किल्ली काढा."

त्यानं खिशातून तिच्या हातची किल्ली काढून दिली. अंगणातल्या टेबलाला अजून शेगडा, म्हणजे लोखंडी पकड, होता. तिनं किल्ली त्यात आवळली, वॉकर बाजूला सारला आणि कानस चालवली. एकेक दाता गेला. किल्ली सपाट झाली तेव्हा कुठं ती थांबली.

"दान मागं घेत नाही मी. मुलींनी माझं काही वाकडं केलेलं नाही. उद्या पाठवा त्यांना. त्या दार वाजवतील, मी उघडीन." सपाट किल्ली तिनं त्याच्या हातावर ठेवली. "ही तुमची. मी खरंच मेले की घुम्याला बोलवा. तो आधी माझं तोंड बघेल, मग कुलपाला हात लावेल."

दारापाशी घुम्यानं चौथा स्क्रू पिळला, खाच उभी केली आणि मान डोलावली.