खुणेचे ठिपके

"काका, पिस्टनवर नको! आत जळून जाईल ते."

मिस्त्रीने हात आडवा घातला, तेव्हा कुठे म्हाताऱ्याने नेलपॉलिशचा ब्रश मागे घेतला. मग इंजिनाच्या ब्लॉकवर, हेडवर, कार्ब्युरेटरवर बाहेरून एकेक लाल ठिपका दिला, फुंकर घालून वाळवला आणि पुन्हा स्टुलावर जाऊन बसला. मिस्त्रीने भाग बदलला तर ठिपका दिसणार नाही आणि लबाडी उघडी पडेल, असा त्याचा बेत होता.

मिस्त्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीस वर्षांत त्याने कुणाचा एक बोल्ट इकडचा तिकडे केला नव्हता.

पण संशयाचा मक्ता काही एकट्या म्हाताऱ्याकडे नव्हता. सत्तरीच्या माणसाला जुन्या मोटरसायकलची ताकद वाढवून कशाला हवी? विचारलं तर म्हणे, "चढावर दम टाकते." कुठला चढ, ते सांगायला तयार नाही. वर अट, "ताकद वाढवा, पण भरवसा कमी होता कामा नये. वाटेत बंद पडलेली चालणार नाही. एकदाही नाही." यात नक्की कुठंतरी पाणी मुरत होतं. पलीकडच्या गॅरेजवाल्यानेच याला काम बघून यायला पाठवलं असणार, असं मिस्त्रीने ठरवून टाकलं. तो म्हाताऱ्याकडे पाठ करून काम करायचा आणि म्हातारा स्टूल सरकवून पुन्हा समोर यायचा.

"अजून मोठा पिस्टन का नाही टाकत?"

"टाकतो की! दोन दिवस वाघ, तिसऱ्या दिवशी भंगार. ब्लॉक जास्त कोरला की भिंत पातळ होते, इंजिन तापतं. त्यापेक्षा पिस्टन थोडासाच मोठा, हेडमधली हवेची वाट घासून गुळगुळीत आणि क्लचच्या स्प्रिंगा कडक. नाहीतर इंजिन नुसतं ओरडेल, गाडी जागची हलायची नाही."

"स्प्रिंगांचं आधी बोलला नव्हतात."

"आता बोललो ना!"

"दाखवा."

मिस्त्रीने स्प्रिंगा दाखवल्या. तीन दिवस असेच गेले.

"घरी तुमची वाट बघणारं कुणी नाही का हो?" शेवटी तो वैतागून म्हणाला. म्हाताऱ्याने स्टूल आणखी पुढे सरकवलं.

चौथ्या दिवशी तो बायकोला घेऊन आला. ती इतकी वाळली होती की मिस्त्रीने न सांगता स्टूल पुढे केलं. तिची नखं लाल होती. म्हातारा गाडीवर चक्कर मारायला गेला, तशी ती हसली.

"फार छळलं का यांनी?"

"काकू, आम्ही चोर नाही."

"माहितेय. बाटली मीच दिली होती. म्हटलं, मिस्त्री भाग बदलतात, डोळ्यांत तेल घालून बसा. तुमच्यावर उगाच आळ घेतला, माफ करा." तिने गाडी गेली त्या दिशेला पाहिलं. "डॉक्टरांनी सांगितल्यापासून दिवसभर समोर बसून माझा श्वास मोजतात हो. तीन दिवस जरा मोकळी झाले."

"आणि चढ?"

"दवाखाना टेकडीवर आहे. आठवड्यातून दोनदा जावं लागतं. शेवटच्या वळणावर गाडी दमते, मला उतरून चालावं लागायचं. आता पाय उचलत नाहीत."

मिस्त्रीला स्वतःची लाज वाटली. म्हातारा परतल्यावर त्याने सगळे बोल्ट, काही गरज नसताना, पुन्हा एकदा आवळून पाहिले. "पहिले पाचशे किलोमीटर सावकाश," एवढंच बोलला.

चार महिन्यांनी म्हातारा एकटाच आला.

"काय झालं, काका? बंद पडली?"

"नाही. एकदाही नाही. तिला एकदाही उतरावं लागलं नाही." त्याने चावी पुढे केली. "ती गेली. तीन आठवडे झाले."

मिस्त्रीने फडक्याला हात पुसून चावी घेतली.

"आवाज जरा वेगळा येतोय," म्हातारा म्हणाला. "बघता का?"

मिस्त्रीने गाडी चालू केली, कान लावला. इंजिन पहिल्या दिवसासारखं एका लयीत चालत होतं.

"येतोय खरा," तो म्हणाला. "उघडावं लागेल. दोन-तीन दिवस जातील."

त्याने स्टूल आणून अगदी इंजिनाजवळ ठेवलं.

"बाटली आणलीय ना? खुणा ताज्या करून घ्या, काका. आमचा काय भरवसा!"

म्हाताऱ्याने खिशातून बाटली काढली. नेलपॉलिश तळाशी सुकून गेलं होतं. मिस्त्रीने ती त्याच्या हातून घेतली, दोन थेंब थिनर टाकलं आणि हलवून परत दिली.