तराजूला बांधलेलं नवं

कुळगी गावाच्या वाटेला सागवानाच्या रानात जंगलखात्याच्या गोऱ्या साहेबाने एक कौलारू खोली बांधून घेतली होती. साहेब तिला संशोधनाची शाळा म्हणे, वाडीतली माणसं विषाचं घर म्हणत. कुठल्या औषधात बुडवलेलं लाकूड वाळवी खात नाही, ते तिथं तपासायचं. त्या औषधांत सगळ्यांत जालीम सोमल. पिठासारखी पांढरी भुकटी, ना वास ना चव. चिमूटभर पोटात गेली की माणूस आडवा.

हा सोमल तोलायचं काम वाडीतल्या कान्हूचं. साहेब जर्मनांशी लढायला निघून गेला, पण नियम मागे ठेवून गेला. वारा असेल तर बरणी उघडायची नाही. नाकातोंडाला फडकं. बाहेर आलं की कोपरापर्यंत साबणाने हात धुवायचे. आणि खोलीच्या आत गेलेली वस्तू पुन्हा घरात येता कामा नये, निकामी झाली की चुना टाकून खड्ड्यात. बघायला कुणी नव्हतं, तरी कान्हू हे सारं पाळायचा.

पण वाडीला साबणाचं काय कौतुक? त्याची बायको फुला तापाने गेली, तेव्हा लोकांनी ते कान्हूच्या हातांवर ढकललं. ताप घरोघर होता, आणखीही माणसं गेली होती, पण ते कोण लक्षात ठेवतो! तोंडावर कुणी वाईट बोललं नाही. फक्त तो आला की माणसं सरकून बसायची, आणि पुढे पंगतीला बोलावणंच येईना. तो घरी चुलीशी बोलायचा. माणसाला इतकं एकटं पाडू नये, पण पाडतात.

त्या वाडीची एक रीत होती. नवं भात आलं की पहिली लोंबी ज्याच्यावर पोट चालतं त्या वस्तूला बांधायची. या लोंबीलाच नवं म्हणत. कुणी नांगराला, कुणी कोयत्याला. मग देवळात खीर करायच्या दिवशी बुट्टी, म्हणजे टोपली, घरोघर फिरे, प्रत्येकाची लोंबी घेई आणि सगळ्यांचे दाणे एकाच भांड्यात शिजत. ज्याची लोंबी त्या भांड्यात, तो वाडीचा. कान्हूच्या दारी बुट्टी यायची बंद झाली होती. तरी त्याने लोंबी बांधली. त्याचं पोट तराजूवर, म्हणून सोमलाच्या तराजूच्या दांडीला बांधली. यात काही चुकतंय असं त्याच्या मनातही आलं नाही. मागायला कोण येणार होतं?

आणि नेमकी तुळजाक्का आली. फुलाची मावशी, वाडीतली सगळ्यांत म्हातारी बाई. विषाच्या घराच्या कुंपणाबाहेर बुट्टी घेऊन उभी राहिली.

“कान्हू, तुझं नवं दे रं. फुला सपनात आली हुती. किती दिस त्याला बाजूला ठेवशीला, म्हणली.”

 कान्हू धावत आत गेला, लोंबी सोडली आणि बुट्टीत टाकली.

“सांजच्याला पंगतीला ये,” म्हणत ती निघाली.

कान्हूला काय करू नि काय नको असं झालं. त्याच आनंदात, सवयीने, तो ओहोळावर हात धुवायला गेला. साबण चोळता चोळता त्याचे हात थांबले. आत गेलेली वस्तू बाहेर गेली होती.

भांडं मोठं आहे, लोंबी एवढीशी, गप्प बसलो तर पंगत आहे. हे त्याच्या मनात आलं, का नाही येणार? पण सोमल किती थोडा पुरतो, ते त्यानेच तर तोललं होतं. साबणाची वडी मुठीत धरून तो देवळाकडे पळत सुटला.

तुळजाक्का चटईवर लोंब्या चोळत बसली होती. भोवती बाया, पोरं.

“आक्का, थांबा. हात तोंडाला लावू नगा,” कान्हू धापा टाकत म्हणाला. “माझी लोंबी सोमलाच्या तराजूला हुती. तिच्यावर विष असंल.”

“कुठली तुझी?”

“आता वळखायची न्हाई. समदीच टाकाय पायजे.”

एका बाईने आपलं पोर मागे ओढलं. कुणी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. कान्हूने तुळजाक्काचे हात स्वतः धुतले, कोपरापर्यंत, पुन्हा पुन्हा. मग साऱ्या वाडीचं नवं बुट्टीचटईसकट उचललं आणि खड्ड्यात चुन्याखाली पुरलं. संध्याकाळी खीर झाली, कणगीतल्या जुन्या तांदळाची. त्याला कुणी बोलावलं नाही, आणि तोही गेला नाही.

पुढच्या वर्षी त्याने धुतल्या हातांनी लोंबी राहत्या घराच्या कुंपणाला बांधली, विषाच्या घरापासून लांब. नवी बुट्टी घेऊन तुळजाक्का वाटेने आली.

“कान्हू, बरा हाईस न्हवं?”

“व्हय आक्का.”

तिने लोंबीकडे पाहिलं. जरा घुटमळली. मग बुट्टी त्याच्या बाजूच्या कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतली आणि लोंबी न मागताच पुढे गेली.

कान्हूला राग आला नाही, फार वाईट मात्र वाटलं. आत गेलेली वस्तू पुन्हा घरात येता कामा नये. साहेबाचा नियम वाडीने त्याच्या बाबतीत बरोबर पाळला होता.

त्याने लोंबी सोडली, दाणे काढून वाटीभर खीर केली आणि खायला बसण्याआधी कोपरापर्यंत हात धुतले.