ऐकणाऱ्याची मजुरी

कुकरची तिसरी शिट्टी आणि लॅपटॉपवरची टिंग एकदमच वाजली, तेव्हा स्पृहा आधी लॅपटॉपकडे धावली. त्या घराची परिस्थिती यावरूनच ओळखावी. तिचा नवरा सलील महागावातल्या एका विनाअनुदानित शाळेत कित्येक वर्षं गणित शिकवत होता आणि त्याचा पगार 'पुढच्या अधिवेशनानंतर' सुरू व्हायचा होता. अशी अधिवेशनं बरीच येऊन गेली होती. तेव्हा घर चालायचं ते स्पृहाच्या लिहिण्यावर आणि लिहिणं चालायचं ते इंटरनेटवरच्या एका बाजारात.

हा बाजार मोठा गमतीचा. मार्केट यार्डात कापसाची बोली वर चढते, निदान चढावी अशी आशा तरी असते. इथे ती खाली उतरायची. कोणीतरी 'मराठीत लेख हवेत' असं काम टाकायचं आणि ठिकठिकाणचे लिहिणारे एकमेकांपेक्षा कमी भाव सांगत सुटायचे. ज्याचा भाव सगळ्यात खाली, काम त्याचं. स्पृहा मराठीची एम. ए. होती, कॉलेजात निबंधाची बक्षिसं घेतलेली. पण या बाजारात तिची ओळख एवढीच की ही बाई लवकर देते आणि कुरकुर करत नाही.

त्या दिवशीचं काम मोठं होतं. शेतकऱ्यांसाठी निघालेल्या एका मोबाईल ॲपला कपाशीवर वीस लेख हवे होते, तेही दोन दिवसांत. तिने शब्दाला पंधरा पैसे सांगितले. पलीकडून उत्तर आलं, "दहाने करणारे रांगेत उभे आहेत."

"बरं, दहा तर दहा," ती स्वतःशीच पुटपुटली आणि होकार पाठवला.

पुटपुटणं ओट्यावर पेपर वाचत बसलेल्या सासऱ्यांपर्यंत गेलं. श्रीकृष्णराव म्हणजे जुने अर्जनवीस. तहसील कचेरीसमोर झाडाखाली टेबल टाकून त्यांनी उभी हयात लोकांचे अर्ज लिहिण्यात घालवली होती. आता हात थरथरायचा म्हणून टेबल घरी आणलं होतं, त्यावर स्पृहाचा लॅपटॉप असायचा.

"दहा पैशात काय लिहिशील तू?" त्यांनी विचारलं.

"ते मागतात ते."

"आम्ही अर्ज लिहिला की पक्षकाराले वाचून दाखवायचो. खाली ओळच असे, 'वाचून दाखवले, मजकूर बरोबर आहे.' मगच अंगठा. त्या वाचण्याचे पैसे माझ्या मजुरीत धरलेले असत. ज्याच्यापाशी काहीच नाही त्याले मी फुकट लिहून दिलं, बेटा. पण स्वस्तात कोणालेच नाही."

"फुकट चालतं आणि स्वस्तात चालत नाही? काहून पण?"

"फुकट देतो तेव्हा आपल्या मर्जीनं देतो, काम पुरं करतो. स्वस्तात देतो तेव्हा कुठे ना कुठे काटतो. आणि सगळ्यात आधी वाचून दाखवणंच कटते."

स्पृहाला हसू आलं. "बाबा, तुमच्या टेबलासमोर माणूस बसायचा. माझ्यासमोर कोण आहे? वाचून दाखवू कोणाला, भिंतीला?"

सासऱ्यांनी पेपर पुन्हा उघडला. कुकर मात्र तोवर खाली लागला होता.

ते वर्ष बोंडअळीचं होतं. जिला अळी लागणार नाही म्हणून सांगितलं होतं, त्याच कपाशीच्या बोंडांत अळी निघाली होती आणि माणसं घाबरून फवारणीमागून फवारणी करत होती. स्पृहाने शेती पाहिलेली ती यवतमाळच्या एसटीच्या खिडकीतून. तिने इंग्रजी पानं उघडली, इथलं थोडं, तिथलं थोडं घेतलं आणि आपल्या गोड मराठीत घोळवून लेखामागून लेख हातावेगळे केले. एकही लेख दुसऱ्यांदा वाचला नाही. दहा पैशांत दुसऱ्यांदा वाचायला वेळ कुठून आणायचा? लेखांवर नाव जायचं नव्हतंच. तिने वीसही वेळेवर पाठवले, पैसे आले, किराणा भरला.

आठवड्याने सकाळीच शेजारचा नयन ओट्यावर आला. वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तशी शेती एकदम त्याच्या अंगावर पडली होती, त्याआधी तो पुण्याला मोबाईलच्या दुकानात होता. त्यामुळे शेतीतला त्याचा गुरू मोबाईलच.

"काका, हे पाहा. आता कोनाले काही विचारा लागत नाई," तो श्रीकृष्णरावांना म्हणाला आणि कौतुकाने वाचू लागला, "'शेतकरीदादा, अळी काही मुहूर्त पाहून येत नाही!' कसं लिवलं हाये, नाई?"

आत पोहे परतणाऱ्या स्पृहाचा हात थांबला. वाक्य तिचं होतं. खरं सांगायचं तर आधी तिला आनंदच झाला. आपलं लिहिलेलं कोणीतरी मोठ्याने वाचतंय, हे ती प्रथमच ऐकत होती.

नयन पुढे वाचत गेला. एका पंपाला औषध किती, तिथे तो अडखळला. "हे मले जरा जास्तच वाटलं. पन औषद नवं हाये, आन् लिवलं हाये त बरोबरच असन. आमच्या गड्याले, देवसिंगले, घोयायचं माप सांगतलं. तो सकायीच गेला पंप घेऊन."

गॅस घाईने बंद करून स्पृहा टेबलाशी गेली. ते इंग्रजी पान तिने शोधून काढलं आणि आपला लेख शेजारी उघडून ताडून पाहिला. माप होतं ते ड्रमभर पाण्याचं. पाठीवरच्या पंपात आणि ड्रममध्ये किती अंतर असतं हे तिला ठाऊक नव्हतं आणि घाईत तिने सरसकट 'पंप' लिहून टाकलं होतं.

लेखावर नाव नव्हतं. ती गप्प राहिली असती तर कोणाला कधी कळलं नसतं. हा विचार तिच्या मनात आला, तो आला नाही असं कशाला म्हणा! पण तो आला तसा तिने ढकलून दिला आणि ती ओट्यावर गेली.

"नयन, ते मी लिहिलंय. आणि ते चुकलंय. देवसिंगला थांबव."

 नयनने लगेच फोन लावला. रिंग वाजत राहिली, कोणी उचलेना. "फोन झाडाले टांगलेल्या पिशवीत असन त्याचा," तो म्हणाला आणि मोटारसायकलकडे पळाला. स्पृहा तशीच मागे बसली.

वावर फार लांब नव्हतं. देवसिंग, नयनकडचा सालगडी, धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, बसला होता. पंप बाजूला पडलेला, सदरा औषधाने भिजलेला, डोळे लाल. तो ओकाऱ्या देत होता. त्याची बायको तानाबाई ओल्या पदराने त्याचं तोंड पुसत होती. फवाऱ्यासाठी ती सकाळपासून घागरीने पाणी आणत होती, तिचेही डोळे गळत होते. नयनने देवसिंगचा सदरा काढला, स्पृहाने घागर ओतून त्याचं अंग धुतलं आणि रस्त्याने जाणारा एक ऑटो थांबवून त्या दोघांना घेऊन सगळे सरकारी दवाखान्यात गेले.

"वेळेवर आणलं," डॉक्टर म्हणाले. सलाईन लागलं. ती रात्र स्पृहाने दवाखान्याच्या बाकावर काढली, सलीलने घरी चल म्हटलं तरी उठली नाही.

दुसऱ्या दिवशी देवसिंग उठून बसला, तेव्हा तिने त्याच्यासमोर जाऊन सगळं सांगितलं. तानाबाई शेजारीच होती. देवसिंगने शांतपणे ऐकून घेतलं.

"बाई, शेतीतलं मालूम नाई त कायले लिवता मंग?" त्याने विचारलं. त्यात राग नव्हता, त्याला खरंच समजत नव्हतं.

"पैसे फार कमी होते, दादा. कमी पैशात खूप लिहायचं, म्हणून घाई केली. विचारलं नाही कोणाला."

"हाव, होते तसं," तो म्हणाला. "कमी मजुरीत निंदून घेतलं त वावरात तन राह्यतेच. पन तनानं कोनी दवाखान्यात नाई जात."

स्पृहाला खूप रडायला आलं. पण रडून हे फिटणार नाही, हेही तिला त्याच वेळी कळलं.

घरी येऊन तिने ॲपवाल्यांना कळवलं की अमुक लेखातलं माप चुकलं आहे, एक माणूस दवाखान्यात आहे, लेख ताबडतोब काढा. संध्याकाळी उत्तर आलं. "लेख काढला. पुढचे वीस कधी देता? या वेळी आठ पैसे."

आठ पैसे! माणूस वाचला का, एवढंसुद्धा कोणी विचारलं नव्हतं. तिने तो निरोप सासऱ्यांना वाचून दाखवला.

"आता काय करतेस?" त्यांनी विचारलं.

"नाही म्हणते. आणि आधी ती चूक निस्तरते."

तिने चार ओळी लिहिल्या. हा लेख मी लिहिला होता, माप चुकीचं आहे, वापरू नका, कृषी अधिकाऱ्यांना विचारा. खाली आपलं नाव आणि फोन नंबर घातला. नयनने तो मजकूर महागाव, आर्णी, उमरखेडकडच्या व्हॉट्सॲपच्या गटागटांत पाठवला. लोकांनी तिला नको नको ते सुनावलं. तिने प्रत्येक फोन उचलला, ऐकून घेतलं आणि माप तपासा म्हणून पुन्हा सांगितलं.

मग तिने त्या बाजारातला आपला भाव बदलला. एका लेखासाठी माहिती काढायला किती वेळ लागेल, जाणकाराला विचारायला किती, पुन्हा वाचायला किती, हे सगळं धरून जो भाव निघाला तो पाहून तिचीच छाती दडपली. तरी तिने तोच टाकला. कामं यायची थांबली. "इतकं कोण देतं, ताई?" असे निरोप यायचे, काही नुसते हसायचे. सलीलने दोन शिकवण्या वाढवल्या. स्पृहा रोज सकाळी काम मागणारी दहा पत्रं लिहायची, आता त्या बाजारात नाही, तर थेट संस्थांना, छापखान्यांना, बियाणं विकणाऱ्यांना. बहुतेकांची उत्तरं येत नसत.

"थोडं खाली आलीस तर?" एकदा सलीलने हळूच विचारलं.

"खाली जाऊन पाहिलंय मी, सलील. तिथे देवसिंग धुऱ्यावर बसला होता." 

कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्या उपटून शेतं रिकामी झाली तेव्हा ढाणकीहून फोन आला. विमलताई नावाच्या बाई बोलत होत्या. त्यांची शेतकरी बायांची संस्था होती. पुढच्या हंगामाआधी फवारणीच्या काळजीवर पत्रकं काढायची होती.

"तुमची ती चार ओयींची दुरुस्ती वाचली होती," विमलताई म्हणाल्या. "चुकीखाली सोताचं नाव टाकनारी बाई मी पहिल्यांदा पाहून राह्यली. म्हटलं, लिहून घ्यावं त हिच्याकडूनच. भाव काय तुमचा?"

स्पृहाने खर्चाचा तपशील पाठवला. तासाभराने पुन्हा फोन.

"बाकी समजलं. हे शेवटी 'ऐकणाऱ्याची मजुरी' काय हाये?"

 भाव पाहूनच पुष्कळ जण मागे फिरले होते. तरी स्पृहाने सरळ सांगितलं. "लिहून झालं की मी ते देवसिंगदादांना वाचून दाखवणार. माझ्या चुकीने तेच दवाखान्यात गेले होते. त्यांना समजलं नाही तर पुन्हा लिहिणार. त्यांची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडेल, ती द्यायला हवी. ही रक्कम कमी होणार नाही, ताई. ती काढायची असेल तर काम दुसऱ्याला द्या."



"कमी कायले करता?" विमलताई म्हणाल्या. "दोन ऐकनारे धरा. एक बाई घ्या. फवाऱ्याचं पानी बायाच आनतात ना."

चार दिवसांनी ओट्यावर सतरंजी अंथरली गेली. देवसिंग आणि तानाबाई बसले, श्रीकृष्णराव खुर्चीत. स्पृहा वाचू लागली. देवसिंग डोळे मिटून ऐकत होता. मापाच्या ओळीवर त्याने डोळे उघडले.

"हे पंपाचं का ड्रमाचं?"

"पंपाचं. कृषी अधिकाऱ्यांकडून तपासून घेतलंय."

"मंग तसं मोठ्या अक्षरात लिवा."

तिने लिहिलं. थोड्या वेळाने तानाबाई म्हणाली, "फवारनाऱ्यानं तोंड बांधावं म्हने. आन् पानी आननारीनं?" ते पत्रकात कुठेच नव्हतं. स्पृहाने पुन्हा पेन उचललं.

वाचकहो, आपल्यापैकी प्रत्येक जण कधी ना कधी कोणाकडून तरी काहीतरी लिहून घेतो. पत्रिका, जाहिरात, माहितीपत्रक, मुलांचं पुस्तक. तेव्हा 'याहून स्वस्तात कोण देतं?' असं विचारण्याआधी देवसिंग आणि तानाबाईला आठवा. लिहिणाऱ्याला आपण कमी देतो तेव्हा त्यातली एखादी ओळ न तपासताच राहते आणि तिची भरपाई वाचणारा करतो. आणि लिहिणाऱ्यांनो, एकमेकांच्या खाली बोली लावू नका. वाटलं तर फुकट द्या, पण अर्धवट देऊ नका. आपला वाजवी भाव मागायला लाजू नका, कारण तो एकट्या आपला नसतो.

वाचन संपलं तेव्हा श्रीकृष्णरावांनी कागद मागून घेतला. थरथरत्या हाताने, पण जुन्याच वळणात, त्यांनी खाली एक ओळ लिहिली, 'वाचून दाखवले, मजकूर बरोबर आहे,' आणि कागद तानाबाईपुढे सरकवला. स्पृहाने दोघांच्या हातावर त्यांची मजुरी ठेवली. तानाबाईने ती पदराच्या टोकाला बांधली आणि मग सावकाश, एकेक अक्षर जुळवत, त्या ओळीखाली आपली सही केली.