डेलमरचा डावा कान

डेलमर प्रुइटच्या डाव्या कानाचा कॅन्सर झालेला एक तुकडा डॉक्टरांनी कापून काढला. पन्नास वर्षं टेक्सासचं ऊन ट्रक चालवताना डावीकडच्या, ड्रायव्हरच्या खिडकीतून त्याच कानावर पडत आलं होतं, आणि आता जपला नाही तर उरलेला कानही जाणार होता. म्हणून त्याची बायको वर्लीन त्याला त्या सहासष्ट सालच्या ट्रकसकट माझ्याकडे घेऊन आली. गाड्यांच्या काचांवर ऊन अडवणारी फिल्म लावणं हा माझा धंदा.

"सगळ्यात काळी लाव, राउल," ती म्हणाली.

"मग आत मी आहे हे गावाला कळणार कसं?" डेलमर म्हणाला.

"हॉर्न वाजवून सांग. एरवी सांगतोसच की."

मी तिसरीच फिल्म काढली. दिसायला साधी काच, पण ऊन अडवायला काळीच्या तोडीची. डेलमरने ती चेहऱ्यासमोर धरली, आरशात दोनदा पाहिलं आणि मगच पसंत केली.

"लावल्यावर दोन दिवस काच खाली करायची नाही," मी बजावलं.

"दोन दिवस? भाजून मरेन की. या ट्रकला एसी कुठंय?"

"मग एरवी काच वर कधी करतोस?"

"पाऊस आला तर."

मी फिल्मची गुंडाळी परत फळीवर ठेवली. वर्लीनने आपली जांभळ्या फुलांची रुंद हॅट काढली आणि त्याच्या डोक्यावर कानापर्यंत दाबून बसवली.

"आता गावाला नीट दिसशील," ती म्हणाली.